हार घातलेला नवरा

धाराशिवात हॅलोविन साजरा होणार आहे, हे मला मुलीच्या शाळेच्या ग्रुपवर वाचून कळलं आणि तेवढ्यात गॅसवरचं दूध उतू गेलं. इंग्रजी शाळेत घातलं म्हणजे काय काय सोसावं लागतं याची मला सवय झाली होती. पिवळ्या रंगाचा दिवस झाला, आंब्याचा दिवस झाला, आजी-आजोबांचा दिवस झाला. त्या दिवशी तेरहून माझे आई-वडील आले होते. बाईंनी कौतुकानं विचारलं, दुसरे आजी-आजोबा कुठं आहेत? आमची पहिलीतली मुलगी सगळ्यांसमोर म्हणाली, "ते आमच्याशी बोलत नाहीत." मी खाली वाकून तिच्या बुटाची लेस बांधायला लागले. त्या बुटाला लेस नव्हती, हे जरा वेळानं लक्षात आलं.

पण हॅलोविन म्हणजे हद्द झाली. पालकांनी जोडीनं यावं, टीव्हीवरच्या एखाद्या विनोदी मालिकेतल्या नवरा-बायकोचा वेश करावा, वेश घरी बनवलेला असावा आणि शक्यतो त्यात भुताचा अंश असावा, असा मेसेज होता. 'भुताचा अंश' हे शब्द मी नवऱ्याला मोठ्यानं वाचून दाखवले. तो म्हणेल, जाऊ दे, मुलीला ताप आलाय म्हणून कळवू, अशी माझी अपेक्षा होती. तो म्हणाला, "झकास. आपल्याला फार काही करावंच लागणार नाही."

आमच्या लग्नाची गोष्ट थोडक्यात सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यावरच उभं आहे. मी तेरची, बौद्ध घरातली. तो भूम तालुक्यातल्या ईटचा, मराठा शेतकऱ्याचा मुलगा. कॉलेजात ओळख झाली, मला पंचायत समितीत नोकरी लागली, त्यानं ठिबक सिंचनाच्या दुकानात काम धरलं आणि आम्ही रजिस्टर लग्न केलं. माझ्या घरचे थोडे दिवस रुसले आणि मग डबा घेऊन आले. त्याचे वडील, ज्यांना तो आबा म्हणतो, एकदाही आले नाहीत. ते भांडलेही नाहीत. भांडले असते तर मला बरं वाटलं असतं, मी तोंडाला तोंड दिलं असतं. ते नुसते गप्प झाले आणि आठ वर्षं गप्पच राहिले. मुलगी झाली तेव्हा नवऱ्यानं फोन केला होता. आबांनी ऐकून घेतलं आणि काही न बोलता फोन आईकडं दिला. आई दबक्या आवाजात म्हणाली, "बाळंतिणीला शेपू घाल खायला," आणि फोन बंद झाला. त्यानंतर ती कधीमधी शेजारणीच्या फोनवरून बोलायची, तेही आबा रानात गेले असतील तर. मी तिला पाहिलेलं नव्हतं. आबांना एकदा पाहिलं होतं, भूमच्या बाजारात, लांबून. नवऱ्यानं मला हातानं मागं ओढलं होतं आणि आम्ही दोघं कांद्याच्या ढिगामागं उभे राहिलो होतो. या गोष्टीची चीड मला अजून येते. कांद्यामागं लपायला आम्ही चोरी केली होती का?

तर मालिका. रात्री जेवताना आम्ही जी बघतो त्या मालिकेतला नवरा पहिल्याच भागात मेलेला आहे. बैठकीच्या भिंतीवर त्याचा हार घातलेला फोटो आहे आणि त्या फोटोतून तो बायकोशी बोलतो. भाजीत मीठ कमी आहे, गॅस सिलिंडर संपत आलाय, माझा शर्ट भावाला का दिलास. बायकोला तेवढं ऐकू जातं, बाकी कुणाला नाही. बायको बिचारी भरजरी साड्या नेसून दिवसभर भिंतीशी भांडते आणि पाहुणे घाबरतात. आमच्या घरात ही मालिका नवऱ्याची जीव की प्राण आहे. मला ती बरी वाटते, एवढंच.

त्याला फोटोतला नवरा व्हायचं होतं. दुकानातून त्यानं अर्ध्या इंची पाइपाचे तुकडे आणि कोपरे जोडायला चार एल्बो आणले, त्याची चौकट जोडली, तिला सोनेरी चकचकीत कागद गुंडाळला. मागं फ्रिजच्या खोक्याचा पुठ्ठा, त्यावर आकाशी चार्ट पेपर, कारण फोटो स्टुडिओत मागं नेहमी आकाशी रंग असतो. चौकट खांद्यावर अडकवायला मुलीच्या जुन्या दप्तराचे पट्टे. लाकडाच्या भुशाचा तो मिळतो ना, चंदनाचा म्हणून विकतात, तसला हार तो बाजारातून घेऊन आला. मला त्यानं माझ्याच लग्नातली साडी नेसायला सांगितली. रजिस्टर लग्नातली साडी ती, भरजरी वगैरे काही नव्हती, पण चाललं.

आदल्या दिवशी संध्याकाळी मी भाकरी थापत होते. मुलगी हसत आत आली आणि माझा पदर ओढून मला बाहेर घेऊन गेली. मी दारातच थांबले. समोरच्या भिंतीला टेकून माझा नवरा फोटोत उभा होता. केस पाणी लावून चापून बसवलेले, पांढरा सदरा, कपाळावर अष्टगंध, गळ्यात हार आणि नजर सरळ माझ्यावर. हातातलं पीठ तसंच होतं आणि मी म्हणाले, "काढ ते." तो हलला नाही, पापणीसुद्धा लवू दिली नाही. मी ओरडून म्हणाले, "काढ म्हणते ना." तेव्हा त्याला हसू फुटलं आणि वेश जमला याची खात्री पटली. मुलीकडून त्यानं फोटो काढून घेतला. कपाळापासून छातीपर्यंत, चौकटीच्या आतला तेवढाच. तो फोटो त्यानं ईटच्या एका शाळेतल्या मित्राला पाठवला. सोबत काही लिहिलं नाही. त्या दोघांचं तसंच चालतं, एक फोटो टाकतो आणि दुसरा हसतो. या मित्राचं ईटला फ्लेक्स छपाईचं दुकान आहे.

दुसऱ्या दिवशी शनिवार होता. शाळेच्या हॉलमध्ये काळे फुगे टांगलेले होते आणि भोपळे मिळाले नाहीत म्हणून कलिंगडाला डोळे कोरले होते. एक डॉक्टर जोडपं अंगाला पीठ फासून आलं होतं आणि ते कुठल्या मालिकेतले आहेत हे त्यांनाही सांगता येत नव्हतं. आमचे दोघांचे फोन मी पर्समध्ये टाकले, पर्स स्कूटीच्या डिकीत, कारण चौकटीला खिसा नव्हता आणि माझ्या हातात लाटणं असणार होतं. शाळेत फोन वाजू नये म्हणून ते गप्प करून ठेवले होते. आमचा नंबर आला. नवरा स्टेजवरच्या पडद्याला टेकून उभा राहिला, मी त्याच्यासमोर लाटणं घेऊन. तो म्हणाला, "चहात साखर कमी आहे." मी म्हणाले, "मेल्यावर तरी साखर सोडा." हॉल हसून हसून लोळला. आमची मुलगी पहिल्या ओळीत उभी राहून टाळ्या वाजवत होती. मला तेव्हा खरंच मजा आली, खोटं कशाला सांगू. आम्हाला पहिलं बक्षीस मिळालं, दोन डबे असलेला टिफिन.

बाहेर येऊन डिकी उघडली तर दोन्ही फोन मिसकॉलनी भरलेले. बघताबघता नवऱ्याच्या फोनवर पुन्हा कॉल आला. नंबर अनोळखी होता. नवऱ्यानं चौकटीतूनच हात काढून फोन घेतला आणि स्पीकर लावला. पलीकडून एक जाड आवाज आला, "माती किती वाजता हाय?"

आमच्याकडं माती म्हणजे अंत्यविधी. नवऱ्यानं विचारलं, "कुणाची?"

"तुमच्याच घरची की. ईटच्या पोराची. तुमी कोन बोलताय?"

नवऱ्यानं स्वतःचं नाव सांगितलं. पलीकडून फोन कट. आम्ही एकमेकांकडं बघत उभे राहिलो. मग मी व्हॉट्सअॅप उघडलं.

काळ्या कडा, कोपऱ्यात पेटलेल्या दोन समया, मधोमध माझा नवरा, तोच हार, तोच अष्टगंध. खाली भावपूर्ण श्रद्धांजली. त्याखाली 'तुझ्यासारखा मित्र पुन्हा होणे नाही' आणि शोकाकुल म्हणून सगळ्या शाळासोबत्यांची यादी. माझ्या ऑफिसच्या ग्रुपवरसुद्धा कुणीतरी टाकून ठेवलं होतं आणि खाली ओळीनं हात जोडलेले. साहेबांनीही हात जोडले होते. मला रडू येतंय की हसू, हे मला कळेना. नवरा जिवंत माझ्या शेजारी उभा आणि मी त्याचा दंड घट्ट धरून ठेवलेला.

त्यानं मित्राला फोन लावला. मित्राचा आधी हुंदका, मग अशा शिव्या की मी मुलीला घेऊन बाजूला गेले. तो शांत झाल्यावर काय घडलं ते कळलं. त्याच्या दुकानात श्रद्धांजलीची कामं अशीच येतात. कुणी फोन करून सांगत नाही, दुःखात कोण सांगत बसणार. घरचं कुणीतरी फोटो पाठवतं, बरेचदा गेलेल्याच्याच फोनवरून, कारण त्याचे चांगले फोटो त्याच्याच फोनमध्ये असतात. सोबत एक अक्षर नसतं. हा समजून घेतो, हार घालतो, समया लावतो आणि बॅनर टाकतो. यावेळी हारसुद्धा घातलेला आला. त्यानं सकाळी फोटो बघितला, फोन लावून बघितला, आम्ही उचलला नाही. माझ्या फोनवर लावला, तोही नाही. मग त्याला शंका उरली नाही. "रडत रडत केला रे बॅनर," तो म्हणत होता. "माझ्या हातानं केला."

नवरा म्हणाला, "बरं, पुसून टाक आता."

"पुसला. पन आबा निघाल्यात."

मित्रानंच जीप ठरवून दिली होती. आबा सोयाबीनच्या खळ्यावर होते, तिथं जाऊन त्यानंच सांगितलं होतं. आबांनी हातातलं घमेलं खाली ठेवलं, पायात काही न घालता चालत घरी आले आणि आईला म्हणाले, चल. भावकीतले चारपाच लोक जीपमध्ये बसले. जीप भूमच्या अलीकडं असेल.

मित्र म्हणाला, "डायव्हरचा नंबर देतो. सांगायचं तुमचं तुमी बघा. म्या सांगितलं तर आबा मला गाडीखाली घेतील."

फोन बंद झाला. नवरा शाळेच्या पायरीवर बसला, चौकट अजून गळ्यातच. मी म्हणाले, "लाव फोन." तो नुसता बसून राहिला. मी पुन्हा म्हणाले. मग तो जे बोलला ते ऐकून मला बॅनरपेक्षा मोठा धक्का बसला. तो म्हणाला, "नको सांगायला. येऊ दे त्यांना. एकदा इथवर आले, मला बघितलं, की मग कुठं जातील?"

मला त्याचा इतका राग आला की मी त्याच्या गळ्यातला हार ओढून काढला. भुसा सगळीकडं सांडला. मी म्हणाले, "तुझी आई त्या जीपमध्ये बसलीय. तिला काय होत असेल आत्ता, जरा विचार कर." तो खाली बघत राहिला. आठ वर्षं आबांची वाट बघणारा हा माणूस मला त्या क्षणी दिसला, तोपर्यंत मी फक्त हसरा, पाइप जोडणारा माणूस बघत आले होते. मला वाटायचं, त्याला सवय झालीय. त्याला कशाचीही सवय झाली नव्हती. तो म्हणाला, "मला नाही जमणार. तू सांग." आणि हेही म्हणाला, "सांगितलंस की जीप वळणार बघ."

मी म्हणाले, काहीतरीच काय. कुठला बाप वळेल? मुलगा गेला म्हणून अनवाणी निघालेला माणूस, मुलगा आहे म्हटल्यावर तर पळत येईल. मला खरंच तसं वाटत होतं. मी फोन लावला.

डायव्हरनं उचलला. मागं बायकांचा आणि पुरुषांचा रडण्याचा आवाज येत होता. मी म्हणाले, आबांना द्या. मग श्वासाचा आवाज आला. सासऱ्यांशी मी आयुष्यात पहिल्यांदा बोलत होते. मी सगळं घाईघाईनं सांगितलं, की तुमचा मुलगा सुखरूप आहे, शाळेत खेळ होता, त्यात फोटोचा वेश केला होता, कुणीतरी चुकून बॅनर केला, माझ्याशेजारी बसलाय, देऊ का फोन? पलीकडचं रडणं थांबलं होतं. आबा म्हणाले, "जित्ता हाय?"

"हो. अगदी ठणठणीत."

"खरं सांगताय?"

"हो, आबा."

त्यांच्या तोंडून एक आवाज निघाला, तो मला अजून सांगता येत नाही, आणि फोन बंद झाला. मी नवऱ्याकडं वळून म्हणाले, "येतायत बघ." आम्ही घरी आलो. मी घर झाडून घेतलं, चटई अंथरली, माणसं किती असतील याचा अंदाज घेऊन पीठ मळलं. पाऊण तासानं मित्राचा फोन आला. जीप भूमच्या चौकातून माघारी फिरली होती.

मी तशीच उभी राहिले. नवऱ्यानं मला 'मी म्हटलं नव्हतं का' असंही म्हटलं नाही. ते म्हणाला असता तर बरं झालं असतं. मला कळेना की माणसाचं काळीज कशाचं असतं. मुलगा मेला म्हणून या दारात यायला हरकत नव्हती. मेलेल्या मुलाच्या बायकोची जात कुणी विचारली नसती, मेलेल्याच्या घरात पाणीसुद्धा प्यायचं नसतं, त्यामुळं तोही प्रश्न नव्हता. जिवंत आहे म्हटल्यावर मात्र सगळं पुन्हा जिथल्या तिथं आलं. मी ते मळलेलं पीठ तसंच फ्रिजमध्ये ढकललं आणि दार इतक्या जोरात लावलं की वरची बाटली पडली. मुलगी विचारत होती, बक्षीस कुठं ठेवू? मी तिच्यावर उगीच खेकसले.

दिवस मावळायच्या आत नवऱ्याच्या दुकानाचे मालक त्यांच्या मोटारसायकलवरून दारात आले. त्यांच्या मागं एक बाई बसली होती. मोटारसायकलवर कधी न बसलेल्या माणसासारखी, मालकांचा शर्ट मुठीत धरून. ती उतरली, लुगडं सावरलं आणि आत आली. नवरा चटईवर बसला होता, तो उठायच्या आतच तिनं त्याच्या गालफडात एक ठेवून दिली. मग त्याचं तोंड दोन्ही हातांत धरलं आणि कपाळावरचं उरलेलं अष्टगंध अंगठ्यानं खरवडून खरवडून पुसायला लागली. पुसता पुसता रडत होती. तो "आई, आई" एवढंच म्हणत होता. मी भिंतीला चिकटून उभी होते, काय करावं हे मला कळत नव्हतं.

सासूबाई माझ्याकडं वळल्या आणि म्हणाल्या, "पानी दे गं."

मी तांब्या दिला. त्यांनी माझ्या हातातून घेतला आणि घटाघटा अर्धा संपवला. माझ्या डोळ्यांसमोर एकदम धूसर झालं. मला रडायचं नव्हतं, कारण मला अजून राग आलेला होता, पण रडले.

मग त्यांनी सांगितलं. जीप भूमच्या चौकात वळायला लागली तेव्हा त्या म्हणाल्या, मला हितंच उतरवा. भावकीतल्या कुणीतरी अडवलं. "म्या म्हनलं, पोरगं मेलंय म्हनून जायाचं आन जित्तं हाय म्हनल्यावर माघारी फिरायचं, आसं कुठं आस्तंय? म्या न्हाय येत." त्या उतरल्या आणि भूमच्या स्टँडवर धाराशिवची एसटी विचारत बसल्या. एकट्यानं एसटीचा प्रवास त्यांनी कधी केलेला नव्हता. आमचा पत्ता माहीत नव्हता, मुलगा ठिबकच्या दुकानात असतो एवढंच ठाऊक. दुकान विचारत विचारत गेल्या. शटर अर्धं लावलेलं होतं आणि बाहेर माझ्या नवऱ्याचाच फोटो, छापून चिकटवलेला. तो त्यांनी स्वतःच्या हातानं फाडला आणि मालकांना सांगितलं, पोरगं जित्तं हाय.

नवऱ्यानं बऱ्याच वेळानं धीर करून विचारलं, "आबा काय म्हणले? तुम्ही उतरलात तेव्हा?" मीही ऐकत होते. घरात मी त्याला तू म्हणते, पण त्या संध्याकाळी सासूबाईंसमोर माझ्या तोंडून 'तुम्ही' निघत होतं आणि नवरा स्वतःच्या आईलाही आज पहिल्यांदा 'तुम्ही' म्हणाला. दोघंही गांगरलो होतो.

"काय म्हनत्याल? काय न्हाय म्हनले," त्या म्हणाल्या. "तू मेला म्हनल्यावर नुसते बसले व्हते, डोळ्यात पानी न्हाय. तुजी बायकू बोलली, जित्ता हाय म्हनली, तवा ढसाढसा रडले. सगळ्या जीपसमोर. लई येळ रडले. मग त्वांड पुसलं आन म्हनले, गाडी वळव."

हे ऐकून माझा राग कुठं ठेवू हे मला कळेना. राग कमी झाला असं नाही. पण त्याचं तोंड आता कुणाकडं वळवायचं ते ठरत नव्हतं. सासूबाईंनी मुलीला जवळ बोलावलं, तिच्यावरून हात उतरवून स्वतःच्या कानशिलांवर बोटं मोडली आणि तिच्या केसांत तेल का नाही म्हणून मला विचारलं. मी फ्रिजमधलं पीठ काढलं.

त्या राहिल्या. रविवारी राहिल्या, सोमवारीही राहिल्या. ईटहून काही निरोप नव्हता. सोमवारी मी ऑफिसात गेले तर लोक जिवंत माणसाच्या बायकोचं सांत्वन कसं करावं या पेचात होते. एकानं 'वाचले बिचारे' म्हटलं. घरी आले तर सासूबाई मुलीला बाजरीच्या भाकरीचा चुरा दुधात कालवून भरवत होत्या आणि टीव्हीवर तीच मालिका लागली होती. त्या म्हणाल्या, "बंद कर ते. मला न्हाय बघवत." नवऱ्यानं उठून बंद केली. त्याची जीव की प्राण मालिका, आणि त्यानं एक शब्द काढला नाही.

मंगळवारी संध्याकाळी माझ्या फोनवर अनोळखी नंबर आला. मी उचलला. कुणी बोलेना. मी ठेवणार तेवढ्यात आवाज आला, "म्या ईटवरनं बोलतोय."

मी ताठ झाले. मला वाटलं, आता सासूबाईंना पाठवा म्हणणार. उत्तर तोंडावर तयार होतं, न्यायला तुम्हीच या, आणि ते मी चांगल्या तिखट आवाजात देणार होते.

आबा म्हणाले, "त्येचा आवाज ऐकू द्या जरा. म्या बोलनार न्हाय. लोक म्हनत्यात मला फसवलंय. बाप मरंल म्हनून खोटं सांगितलंय, पोरगं गेलंच हाय, आन हिला पन तिकडंच ठेवून घेतलंय. मला रात्री झोप न्हाय. फकस्त आवाज ऐकू द्या."

त्या माणसानं तीन रात्री या शंकेत काढल्या होत्या आणि आम्हाला त्याचा पत्ताही नव्हता. मी फोन नवऱ्याच्या हातात दिला आणि म्हणाले, "आबा आहेत. बोल काहीतरी. ते बोलणार नाहीत, तूच बोल."

नवरा फोन कानाला लावून उभा राहिला. मग तो म्हणाला, "आबा, मी आहे." मग तो बोलायला लागला. सोयाबीन किती निघालं ते विचारलं आणि उत्तराची वाट न बघता पुढं गेला. वरच्या रानात ठिबक टाका, पाटाच्या पाण्यावर आता भागणार नाही. बैलाच्या खुराला औषध लावता का? इथं मुलगी तुमच्यासारखीच डावखुरी आहे, डाव्या हातानं जेवते, आई तिला ओरडते. आई बरी आहे. तिनं काल पोहे केले होते, मीठ जास्त झालं. सासूबाई हातातली वाटी तशीच धरून ऐकत होत्या. त्याचा आवाज मध्ये मध्ये फाटत होता आणि तो खाकरून पुन्हा सुरू करत होता. आठ वर्षांचं त्याच्याकडं साचलेलं होतं आणि त्यातलं निम्मं खतापाण्याचं होतं. मग तो एकदम थांबला आणि ऐकायला लागला. त्याचा चेहरा मला नीट दिसत होता. मग त्यानं फोन खाली घेतला.

"बोलले?" मी विचारलं.

"विचारलं, रविवारी घरी असता का."

"मग तू काय सांगितलंस?"

"काहीच नाही. मला बोलताच येईना. त्यांनी ठेवला."

मी त्याच्या हातातून फोन काढून घेतला आणि तोच नंबर परत लावला. पहिल्याच रिंगला उचलल्याचा आवाज आला, पण कुणी हॅलो म्हणालं नाही. मी म्हणाले, "असतो आम्ही. दिवसभर घरीच असतो."